चिऊताईचं दार : निर्वासित, परके आणि शेजारी यांच्या चित्रपुस्तकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरून आम्ही मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. घर सोडावं लागलेल्या मुलांची किंवा परदेशातल्या घरांची पुस्तकं निघाली, की त्या दिवशी दुपारपर्यंत पालकांचे आणि शिक्षकांचे फोन सुरू. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली. एका उत्तरातलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. चित्रपुस्तक म्हणजे चित्रं असलेलं गोष्टीचं पुस्तकच ना? वेगळं काय त्यात?

चित्रं हाताने झाका आणि नुसता मजकूर वाचा. गोष्ट पूर्ण कळली तर ते सचित्र पुस्तक. काहीतरी निसटतंय असं वाटलं तर चित्रपुस्तक. समजा, मजकूर म्हणतो "आम्ही निघालो" आणि चित्रात आईच्या पिशवीतून घराच्या किल्ल्या लोंबताहेत. किल्ल्यांबद्दल शब्दांत अवाक्षर नाही. मुलांना वाचता येत नसतं, पण किल्ल्या पहिल्यांदा त्यांनाच दिसतात.

बहुतेक चित्रपुस्तकं 32 पानांची असतात, कारण छापखान्यात मोठा कागद दुमडून 16 पानांचा एक फॉर्म होतो, आणि असे दोन फॉर्म जोडतात. एवढ्या पानांत घर, वाट आणि नवं गाव बसवायचं, म्हणजे चित्रकाराने काय गाळलं तेही बघण्यासारखं असतं.

2. निर्वासित, शरणार्थी, विस्थापित, स्थलांतरित... मुलाला नेमका कोणता शब्द सांगू?

1951च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या समाजगटातलं असणं किंवा राजकीय मत यांपायी छळ होईल अशी रास्त भीती असल्याने जो आपल्या देशाबाहेर आहे आणि परत जाऊ शकत नाही, तो निर्वासित. शरणार्थी म्हणजेही तेच. हिंदीत तो शब्द जास्त चालतो. धरणात गाव गेलं किंवा दंगलीत घर जळलं, पण माणूस देशातच राहिला, तर तो विस्थापित. पोटासाठी निघाला तो स्थलांतरित. पेठ-सुरगाण्याहून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला येणारी कुटुंबं ही आपल्या जिल्ह्यातली स्थलांतरित. पुस्तकांत या सीमा अनेकदा पुसट असतात आणि आयुष्यातही असतात.

आकडा हवा असेल तर, 2024च्या अखेरीस जगभरात 12 कोटी 32 लाख माणसं बळजबरीने घराबाहेर पडलेली होती, असं संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था सांगते. त्यांत साधारण 40 टक्के मुलं असतात. हा आकडा तुमच्यासाठी. मुलाला फक्त "ज्यांना घर सोडावं लागलं ती माणसं" असं सांगा आणि "लागलं" या शब्दावर जरा जोर द्या.

3. ताई, माझी मुलगी चार वर्षांची आहे. इतक्या लहान वयात युद्ध, छावण्या हे कशाला?

युद्ध नकोच. पण घर गेलेल्याची गोष्ट तिने आधीच ऐकली आहे, आणि बहुधा तुम्हीच सांगितली आहे. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. मोठा पाऊस आला आणि काऊचं घर वाहून गेलं. भिजलेला काऊ टकटक करतो, "चिऊताई चिऊताई, दार उघड." आणि चिऊताई काय म्हणते? थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. थांब, तीट लावते. थांब, झोपवते. घर गेलेला एक जण पावसात उभा आहे आणि आतलीचं आवरणं काही संपत नाही!

मराठी घरातलं दोन वर्षांचं मूल वरणभाताचा घास खाताखाता हे ऐकतं. आपण सगळ्यांनी ही गोष्ट दाराच्या आतून ऐकली. काऊच लबाड, शेणाचं घर बांधायचंच कशाला, असं कुणी न सांगताही मनात बसलं. निर्वासितांवरची चांगली चित्रपुस्तकं फार काही करत नाहीत. मुलाला उचलून दाराबाहेर काऊशेजारी नेऊन उभं करतात, एवढंच.

तेव्हा चार वर्षांच्या मुलीसाठी इथूनच सुरुवात करा. मध्ये थांबून विचारा, "काऊला आत्ता काय होत असेल गं?" आमच्या हॉलमध्ये पहिलं उत्तर नेहमी "थंडी" असं येतं. मी अजून याहून चांगलं उत्तर ऐकलेलं नाही.

4. मग कोणत्या वयाला कोणतं पुस्तक?

ढोबळमानाने, पाचपर्यंत हरवणं, सापडणं, नवा शेजारी, वर्गात आलेलं नवं मूल. सहा ते आठ वर्षांच्या मुलांना प्रवासाच्या गोष्टी झेपतात. होडी, आगगाडी, रात्रीचं चालणं. नऊनंतर देशांची नावं, नकाशा, खरी सालं. पण हे वय कागदावरचं. नुकतंच घर बदललेल्या किंवा आजी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलालाही आधी पहिल्या गटातलं पुस्तक द्यावं.

5. दुकानात उभं राहून पुस्तक निवडायचं तर काय बघू?

मी चार गोष्टी बघते. पहिली म्हणजे त्या मुलाला नाव आहे का आणि ते एकदा तरी हट्ट करतं का. 32 पानं नुसतं मोठ्या डोळ्यांनी बघत बसणारं मूल हे मूल नसतं, ते देणगीच्या पोस्टरवरचं चित्र असतं.

दुसरी, मदत कोण करतं? एखादा पाहुणा येतो, खाऊ देतो आणि सगळं ठीक होतं, अशा पुस्तकाचा नायक तो पाहुणा असतो. याच्या उलट, 2007 साली आलेल्या 'फोर फीट, टू सँडल्स' या पुस्तकात पेशावरजवळच्या छावणीतल्या दोन अफगाण मुलींना मदतीच्या कपड्यांच्या ढिगातून एकाच जोडाची एकेक चप्पल मिळते. आता काय करायचं ते त्या दोघीच ठरवतात. आळीपाळीने घालायची. आमच्या मुलांनी हे ऐकून हॉलबाहेरच्या चपलांचे जोड फोडले आणि घरी जाताना जो काय गोंधळ झाला, त्याबद्दल पालकांची पुन्हा एकदा माफी.

तिसरी, मागे राहिलेल्या घरात काही चांगलं होतं का? परका देश म्हणजे नुसता धूर आणि पडक्या भिंती असं असेल तर पुस्तक परत ठेवा. तिथेही कुणीतरी झाडाला पाणी घालत होतं, कुणाचा तरी उद्या वाढदिवस होता.

चौथी गोष्ट शेवटाची. सगळे हसताहेत आणि वर इंद्रधनुष्य, असा शेवट लहान मुलांनाही खोटा वाटतो. फ्रान्चेस्का सान्ना यांचं 2016 मधलं 'द जर्नी' संपतं तेव्हा ते कुटुंब अजून आगगाडीतच असतं आणि मुलगी खिडकीतून पक्षी बघत असते. इटलीतल्या एका निर्वासित केंद्रात भेटलेल्या दोन मुलींपासून ते पुस्तक सुरू झालं, पण पुस्तकात देशाचं नाव नाही. काही शिक्षकांना हे खटकतं. मला लहानांसाठी ते सोयीचं वाटतं. मोठ्यांना मात्र नाव-गाव असलेलंच द्यावं.

6. 'दयाळू बना' शिकवणारी पुस्तकं चांगली की वाईट?

बहुतेक कंटाळवाणी. ससा पडतो, हत्ती उचलतो, शेवटी मोठ्या अक्षरांत तात्पर्य. चांगल्या गोष्टीत मदत करणाऱ्याचं काहीतरी जातं. डब्यातला अर्धा लाडू जातो, खेळात नंबर जातो, मैत्रीण रुसते. मराठीत दया, कणव, माया, आपुलकी असे शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. दया वरून खाली येते. माया शेजारी बसते. पुस्तक वाचून मूल "बिच्चारे!" म्हणालं तर ते पहिल्या शब्दापाशी थांबलं. "त्याला आमच्याकडे झोपू दे ना" म्हणालं, तर पुस्तकाने काम केलं.

7. दुसऱ्या देशांच्या संस्कृतीवरची पुस्तकं म्हणजे सण, पोशाख, खाणं... एवढंच असतं का?

बऱ्याच पुस्तकांत एवढंच असतं. जपानी मूल किमोनोत, अरबी मूल उंटावर. भारतावरच्या परदेशी पुस्तकात आपलं मूल हत्तीवर बसलेलं दिसतं तेव्हा आपल्याला जसं हसू येतं, तसंच त्यांना येत असणार. माझी कसोटी सोपी आहे. पुस्तकात कुणाला शाळेला उशीर होतो का? कुणी भाजी नको म्हणून ताट सरकवतं का? रोजचा दिवस दिसला की सण आपोआप समजतो.

भाषांतरात एक खोड दिसते, ती इथेच सांगते. परक्या गोष्टीतली प्रत्येक रोटी मराठीत 'पोळी' होते. पदार्थाचं नाव तसंच राहू द्या. "हे काय असतं?" असं मुलाने विचारणं हाच तर पुस्तकाचा उपयोग.

8. मराठीत अशी पुस्तकं मिळतात का? नाशिकमध्ये कुठे?

परदेशी निर्वासितांवरची थेट मराठी चित्रपुस्तकं थोडी आहेत. शेजार, भेदभाव, वेगळेपण, दुसऱ्या राज्यातलं जगणं यांवरची बऱ्यापैकी सापडतात. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ 2015 पासून आहे. तिथे मराठी गोष्टी फुकट वाचता आणि उतरवून घेता येतात. चेन्नईचं तूलिका प्रकाशन नऊ भाषांत चित्रपुस्तकं काढतं, त्यांत मराठी आहे. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका स्वस्त आहे. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची, विशेषतः माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं घरात असावीतच. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर जगभरच्या मुलांच्या पुस्तकांची मराठी रूपं भरपूर आहेत.

गावात म्हणाल तर सार्वजनिक वाचनालय, आपलं 1840 सालचं सावाना. बालविभागाची यादी मागण्यापेक्षा मुलाला घेऊन कपाटासमोर मांडी घाला. यादीत 'निर्वासित' असा विषय सापडायचा नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी तुमच्या भागात येत असेल तर तिथेही विचारा.

9. इंग्रजी पुस्तक मराठीत सांगितलं तर चालेल का? आणि भाषांतर करून ग्रुपवर टाकलं तर?

सांगा की, बिनधास्त. ओळ न् ओळ उलथवू नका. पान उघडा, चित्र बघा आणि तुमच्या घरात जशी मराठी बोलतात तशीच बोला.

ग्रुपवर टाकणं मात्र वेगळं. पुस्तक स्कॅन करून किंवा त्यावर मराठी ओळी चिकटवून पाठवायला हक्कधारकाची परवानगी लागते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, आणि चित्रकाराचाही असाच असतो, हे लोक विसरतात. स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी सहसा मुक्त परवान्याच्या असतात. लेखक, चित्रकार आणि प्रकाशक यांची नावं देऊन त्यांचं भाषांतर करता येतं, छापताही येतं. आमच्या गटातल्या एका आजोबांनी तिथल्या गोष्टी अहिराणीत करायला घेतल्या आहेत.

10. वाचताना काय करावं, काय टाळावं?

सावकाश वाचा. मुखपृष्ठाच्या आतल्या कोऱ्या वाटणाऱ्या पानांपासून सुरू करा. तिथेही चित्रकाराने काहीतरी ठेवलेलं असतं. "यातून काय बोध घेतला?" हा प्रश्न विचारू नका. पुस्तक मिटल्यावर थोडा वेळ गप्प बसता आलं तर उत्तम, पण ते आपल्यालाच जमत नाही.

माझी एक चूक सांगते. छावणीतल्या तंबूचं पान आलं आणि मी हळहळत म्हणून गेले, "बघा, कशा हालात राहतात." मागच्या सतरंजीवर एक नवी मुलगी होती, ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली. ती शांतपणे म्हणाली, "आमची कोपी पण अशीच असते. आत ऊब असते." हॉलमधली सगळी मुलं वळून तिच्याकडे बघायला लागली. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हापासून चित्रावर माझा शेरा मी मारत नाही. "काय दिसतंय?" एवढंच विचारते.

11. पुस्तक ऐकून मुलगा रडला. "आपल्यालाही घर सोडावं लागेल का?" असं रोज विचारतो.

"छे, काहीतरीच!" म्हणून उडवून लावू नका आणि बातम्याही समजावत बसू नका. त्याला धीराचं उत्तर हवं असतं : "आत्ता आपण घरी आहोत. कधी कुठे जावं लागलंच तर सगळे मिळून जाऊ. तुझा हात मी धरलेला असेल." मग पुस्तकातलं तेच पान पुन्हा उघडा आणि त्या मुलाला कोण कोण मदत करतंय ते शोधायला लावा. अशी पुस्तकं झोपायच्या वेळी नकोत, संध्याकाळी दिवेलागणीच्या आत वाचून संपवा. झोप उडणं, अंथरूण ओलं होणं, शाळेत न जाण्याचा हट्ट असं दोन-तीन आठवडे टिकलं, तर बालरोगतज्ज्ञांशी किंवा समुपदेशकांशी बोला.

12. आमच्या नातवाने विचारलं, "राम पण निर्वासित होता का?" काय सांगू?

पंचवटीच्या गावात हा प्रश्न येणारच. आम्हाला तो वर्षातून दोनदा तरी येतो. नातवाला रागावू नका, त्याने बरोबर धागा पकडला आहे. घर सुटलं, राजवस्त्रं गेली, झोपडी बांधली. गुहाने नदी पार करून दिली, शबरीने बोरं दिली.

फरकही सांगा. राम वडिलांच्या वचनासाठी गेला, जिवाच्या भीतीने नाही. आणि वनवासाला 14 वर्षांची मुदत होती. निर्वासित माणसाला कुणी तारीख सांगत नाही. सीता गुंफेच्या रांगेत उभं असताना हे बोलून बघा, रांग लवकर सरकते.

13. पण या सगळ्याचा नाशिकशी काय संबंध? आपल्याकडे कुठे आहेत निर्वासित?

तुम्ही शरणपूर रोडवरून रोज जाता. नाव कधी फोडून वाचलंय? शरण आलेल्यांचं पूर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने तिथे वसाहत केली. हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं ब्रिटिश आरमार पकडत असे. त्यांवरच्या आफ्रिकन मुलामुलींना मुंबईत उतरवत, आणि त्यांतली बरीच मुलं नाशिकला शरणपुरात येत. शिकत, सुतारकाम-लोहारकाम करत. त्यांतले काही जण पुढे डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश शोधप्रवाशाबरोबर आफ्रिकेच्या प्रवासाला गेले. तिकडच्या नोंदींत त्यांना 'नासिक बॉइज' म्हटलंय. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. तो त्या देहासोबत इंग्लंडला गेला आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीला हजर होता. 1870च्या दशकात अनेक जण आफ्रिकेतल्या मोंबासाजवळच्या फ्रेअर टाउन वसाहतीत परतले. कायद्याच्या भाषेत ती निर्वासित मुलं नव्हेत, त्यांना पळवून विकलं गेलं होतं. पण परक्या भाषेच्या गावात एकटं उतरलेलं मूल हीच त्यांचीही गोष्ट. यावर मराठी चित्रपुस्तक अजून माझ्या हाती आलेलं नाही. कुणी करत असेल तर आमचा हॉल तयार आहे.

त्याच रस्त्यावर तिबेटी मार्केट आहे. नाशिकच्या थंडीचे स्वेटर तिथून घेतले नाहीत असं घर विरळा. 1959 मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. त्यांतल्या अनेकांनी देशभर स्वेटर विकून संसार उभे केले. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं देवळालीच्या छावणीत आली. त्यांच्या आजी-आजोबांकडे चित्रपुस्तकाला पुरून उरेल एवढं सांगण्यासारखं आहे. शेजारी असतील तर विचारा. जिल्ह्याबाहेर गेलात तर कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 पासून सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले, त्यांत मुलं खूप. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी आले. आजचं गांधीनगर ते.

14. माझ्या वर्गात दुसऱ्या राज्यातून आलेलं मूल आहे. त्याच्यासाठी असं पुस्तक वाचू का?

वाचा, पण 'त्याच्यासाठी' म्हणून नको. वाचून झाल्यावर "आता हा सांगेल आपल्याला" असं म्हणून त्याला उभं करू नका. का ते प्रश्न 10 मध्ये आहे. दोन-तीन वेगळी पुस्तकं मध्ये जाऊ द्या. त्याला सांगावंसं वाटलं तर ते मधल्या सुट्टीत, डबा उघडताना सांगेल.

15. शब्दच नसलेलं पुस्तक कसं वाचून दाखवायचं?

दाखवायचं नाही, सोबत बघायचं. शॉन टॅन यांच्या 2006 मधल्या 'द अरायव्हल'मध्ये स्थलांतर करून आलेल्या माणसाला नव्या शहराच्या पाट्या वाचता येत नाहीत. त्या पाट्यांची लिपीच चित्रकाराने कल्पनेतून काढलेली आहे, त्यामुळे वाचणारा आपणही तिथे अडाणीच ठरतो. हे पुस्तक थोराड आहे, नऊ-दहाच्या पुढच्या मुलांचं. शिकलेल्या बाबांना आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीला एकाच पातळीवर आणणारी पुस्तकं अशी फार नसतात. आजीला जरूर बोलवा.

16. हे राजकारण आहे, मुलांत नको, असं एका पालकांचं म्हणणं आहे. त्यांना काय सांगायचं?

कुठल्या देशाने किती माणसं घ्यावीत, यावर मोठ्यांत मतभेद असतात आणि ते राहतील. आम्ही हॉलमध्ये त्यावर बोलत नाही. सहा वर्षांच्या मुलाला कळतं ते एवढंच, की बाहेर कुणीतरी भिजतंय. त्यापुढे दार उघडायचं की नाही, कधी, किती, हे त्या पालकांनी आपल्या मुलाशी आपल्या घरी बोलावं. पटत नसेल तर त्या रविवारी येऊ नका, पुढच्या रविवारी वाघाची गोष्ट आहे.

17. मुलीला मदत करायची आहे. जुनी खेळणी कुठे देऊ?

मोडकी खेळणी कचऱ्यात. चांगली द्यायची तर आधी विचारून द्या. नेणाऱ्यालाही निवड असते.

18. माझा मुलगा म्हणतो, चिऊने लगेच दार उघडावं. गोष्टीचा शेवट बदलला तर चालतो का?

चालतो. लोककथेला मालक नसतो. फक्त एक अडचण येते, ती आमच्याकडे आलेली आहे. मुलांनी एकदा असा ठराव केला की चिऊ पहिल्याच टकटकीला दार उघडेल. उघडलं. गोष्ट तीन वाक्यांत संपली आणि सगळी मुलं खट्टू झाली. मग एक जण म्हणाला, "आत आला ना, मग आता झोपणार कुठे? चिऊचं घर तर एवढुसं." दुसरी म्हणाली, काऊ रात्री घोरतो. तिसऱ्याच्या मते चिऊच्या बाळाला काऊची भाषा येत नाही. त्या दिवशी चहा गार झाला. पुढच्या रविवारी काऊने चिऊच्या बाळाला तीट लावायला शिकून घेतलं. त्याच्या पुढच्या रविवारी दोघांचं मेणाच्या भिंतीवरून भांडण झालं. गोष्ट अजून चालू आहे.